अर्देशीर कर्सेटजी वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया (जन्म : मुंबई, ६ ऑक्टोबर १८०८, मृत्यू : रिचमंड, इंग्लंड, १६ नोव्हेंबर १८७७) हे मुंबईच्या सुप्रसिद्ध वाडिया घराण्यातील जहाजबांधणीतज्ज्ञ व सागरी बाष्पयंत्रांचे अभियंते होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले ते पहिले भारतीय होत. १८४१ ते १८५७ या काळात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक होते. मुंबईत गॅसचा दिवा प्रथम लावणारे गृहस्थ म्हणून त्यांचे नाव बहुधा घेतले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग बिघडलेल्या आगबोटी पुन्हा चालत्या करण्यात गेला, आणि त्यांचे खरे कर्तृत्व तेथेच शोधावे लागते.

घराणे आणि शिक्षण

वाडिया घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे. १७३६ च्या सुमारास कंपनीने त्यांना मुंबईत आणले आणि तेव्हापासून मुंबईच्या गोदीतील मुख्य बांधकाऱ्याचे पद पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्यात राहिले. सागवानी लाकडाची त्यांची जहाजे ओकच्या लाकडाच्या इंग्रजी जहाजांपेक्षा अधिक काळ टिकत. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे, यावरून त्या बांधणीची कल्पना यावी.

अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हे याच गोदीत बांधकारी होते. घरच्या रिवाजाप्रमाणे अर्देशीर १८२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, गोदीत शिकाऊ म्हणून दाखल झाले. लाकूड पारखणे, नमुन्याच्या फळ्या कातरणे, फासळ्या उभ्या करणे, हे सारे शिक्षण हातांनी आणि डोळ्यांनी व्हायचे. हा मुलगा मात्र लाकडापेक्षा लोखंडाकडे ओढला गेला. बाष्पयंत्राची त्यांना लहानपणापासून आवड होती, असे समकालीनांनी नोंदवून ठेवले आहे.

ही आवड निव्वळ हौसेची नव्हती. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. सुमारे ३३ दिवसांनी ती तेथे पोहोचली. त्यांतील बराच काळ वाटेतील बंदरांत कोळसा भरण्यात गेला. तिचा सांगाडा वाडियांचा, सागवान हिंदुस्थानातील. पण ८० अश्वशक्तींची तिची दोन्ही यंत्रे लंडनच्या मॉडस्ले यांच्या कारखान्यातली होती. शंभर वर्षे संपूर्ण जहाज स्वतः बांधून देणाऱ्या घराण्याला आता जहाजाचे केवळ कवच बांधायचे होते. त्याचे काळीज विलायतेहून येणार होते आणि ते बिघडले तर ते उघडणारा माणूसही विलायतेहूनच येणार होता. घराण्यातील इतरांनी ही गोष्ट किती मनावर घेतली हे सांगता येत नाही. अर्देशीर यांनी ती घेतली, असे त्यांचा पुढचा जीवनक्रमच सांगतो.

माझगावचे प्रयोग

१८३३ साली पंचविसाव्या वर्षी अर्देशीर माझगाव गोदीत सहायक बांधकारी झाले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या माझगावच्या बंगल्यात एक लहान ओतशाळा घातली आणि जहाजांसाठी पाण्याच्या लोखंडी टाक्या तयार करण्यास आरंभ केला. एक अश्वशक्तीचे छोटे बाष्पयंत्र त्यांनी स्वतः बनवले; ते विहिरीतून पाणी उपसून बागेतल्या कारंज्याला पुरवी. कारंजे पाहायला येणाऱ्यांना ती श्रीमंताची करमणूक वाटली असेल. पण दट्ट्या सिलिंडरमध्ये किती घट्ट बसावा, झडप केव्हा उघडावी आणि सांधा कोठे गळतो, हे शिकण्यासाठी घरच्या विहिरीवरचे यंत्र हीच उत्तम शाळा होती. त्यावर चूक झाली तर फक्त कारंजे थांबत होते.

त्यानंतर त्यांनी इंग्लंडहून १० अश्वशक्तीचे सागरी यंत्र मागवले आणि ते 'इंडस' नावाच्या सुमारे ६० टनांच्या स्वतः बांधलेल्या बोटीत बसवले. यंत्र परदेशी असले, तरी ते बसवण्याचे काम मुंबईच्या हातांनी झाले.

१८३४ साली त्यांनी आपला बंगला आणि बाग दगडी कोळशाच्या गॅसने उजळून दाखवली. हा सोहळा पाहण्यास खुद्द गव्हर्नर आले होते. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १८६० च्या दशकात. १८३७ साली रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

त्या काळच्या आगबोटींची दुखणी

अर्देशीर यांच्या कामाचे स्वरूप कळण्यासाठी त्या काळच्या आगबोटी कोणत्या कारणांनी मंदावत, हे थोडे पाहिले पाहिजे. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरले जाई. या पाण्यात वजनाने सुमारे तेहतिसावा हिस्सा क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात; नवे पाणी येते, त्याचेही क्षार उरतात. काही तासांत बॉयलरमधील पाणी दाट खारे होते आणि तापलेल्या पत्र्यावर चुनखडीसारखा कठीण थर धरू लागतो. हा थर उष्णता अडवतो. मग अधिक कोळसा जाळावा लागतो, तरी वाफ कमीच निघते. आणि थराखालचा पत्रा लाल होईपर्यंत तापून मऊ पडतो व फुगतो. नवशिक्या माणसाला अशा वेळी यंत्रच थकलेले दिसते आणि तो झडपा खोलत बसतो. दोष मात्र असतो बॉयलरच्या पोटात.

यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळाने बॉयलरमधील खाऱ्या पाण्याचा काही भाग समुद्रात सोडून देणे व तितकेच ताजे समुद्रजल आत घेणे. परंतु सोडलेले पाणी उकळते असते. ते फार सोडले तर कोळसा वाया जातो आणि कमी सोडले तर थर बसतो. पाण्याचा खारेपणा त्याच्या उत्कलनबिंदूवरून किंवा घनतेवरून ताडून हा मेळ सांभाळावा लागे. बंदरात आल्यावर बॉयलर निवू देऊन माणसे आत शिरत आणि हातोड्यांनी थर फोडून काढत. मुंबईच्या उन्हात लोखंडी पेटीत बसून करायचे हे काम किती जिवावरचे असेल, ते निराळे सांगायला नको.

दुसरे दुखणे निर्वाताचे. त्या बॉयलरमधील वाफेचा दाब फार अल्प असे. यंत्राला बरेचसे बळ मिळे ते संघनकातील निर्वातामुळे : वापरलेल्या वाफेवर थंड पाण्याचा फवारा सोडला की ती आकसून तिचे पाणी होई, पोकळी निर्माण होई आणि दट्ट्या ओढला जाई. एखाद्या सैल सांध्यातून हवा आत शिरली की हे बळ गेले. अशी गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण बाहेर काहीच येत नाही. म्हणून सांध्याजवळ मेणबत्ती धरून तिची ज्योत कोठे आत ओढली जाते ते पाहत. शिवाय इंग्लंडच्या थंड समुद्रात उत्तम निर्वात देणारा संघनक अरबी किंवा तांबड्या समुद्राच्या कोमट पाण्यावर तितके काम देत नसे. म्हणजे कारागिराची चूक नसतानाही इकडे यंत्र सुस्त वाटे, आणि हा हवामानाचा दोष की बिघाड, हे येथे राहून शिकलेल्यालाच ओळखता येई.

तिसरी अडचण वल्हेचाकांची. लांबच्या सफरीसाठी कोळसा खच्चून भरला की बोट खोल बसे, चाके पाण्यात बुडत आणि यंत्र रडतखडत चाले. कोळसा संपत आला की तीच बोट वर उचलली जाई आणि चाकांची वल्ही पाण्याला जेमतेम टेकत. एकाच यंत्राची चाल सफरीच्या आरंभी व शेवटी अशी वेगळी असे. निदान करणाऱ्याने बोट किती बुडाली आहे हेही पाहायचे असे. दट्ट्याभोवतीची चरबीत भिजवलेली तागाची वेणी झिजणे, झडपेची बैठक खराब होणे, कोळसा निकृष्ट निघणे ही तर रोजची रड होती.

यांतील खाऱ्या पाण्याचा त्रास अजून संपलेला नाही. मानकोलीजवळच्या उल्हास खाडीत होडीच्या मागच्या फळीला टांगायची आउटबोर्ड मोटर खाडीचेच पाणी ओढून थंड होते. जुन्या मोटरीच्या अरुंद पाणवाटांत क्षार व गाळ बसला की तिच्यातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते, यंत्र तापते व ओढ कमी होते. अशा वेळी पेट्रोल व ठिणगी तपासण्याबरोबर ही धारही पाहावी लागते, आणि वापर झाल्यावर गोड्या पाण्याने मोटर धुऊन काढावी लागते. १८३० च्या आगबोटीत हीच गोष्ट शेकडो पटींनी मोठी होती.

सर्वांत मोठी अडचण अंतराची होती. आस मोडला किंवा सिलिंडर तडकला, तर नवा भाग आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने यायला कित्येक महिने लागत. तोवर आगबोट बंदरात उभी. म्हणून सुटे भाग येथेच ओतणे, कातणे व बसवणे याला पर्याय नव्हता.

इंग्लंडचा प्रवास

हे ज्ञान मुळातून मिळवण्यासाठी अर्देशीर १८३९ साली इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आगबोटीने तांबड्या समुद्रातून सुएझ, तेथून भूमार्गाने इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्र, अशी ती वाट होती. त्यांचे चुलत नात्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे आधीच इंग्लंडमध्ये जहाजबांधणी शिकत होते. त्या दोघांचे लक्ष जहाजाच्या बांधणीवर होते. अर्देशीर यंत्रासाठी आले होते. लंडनमधील सीवर्ड यांच्या सागरी यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी काम पाहिले. आरामात वाढलेला, तिशी ओलांडलेला आणि स्वतः गोदीत अधिकारी असलेला गृहस्थ पुन्हा शिकाऊ झाला, ही गोष्ट लहान नव्हे. या प्रवासाची व वास्तव्याची त्यांची इंग्रजी रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका हिंदी माणसाने यंत्रयुगातले इंग्लंड कारागिराच्या नजरेने पाहून लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत तिची गणना करावी लागते.

इंग्लंडमध्ये असतानाच कंपनीच्या संचालकांनी मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले ते याच सुमारास. शिफारसपत्रात मुंबईत गॅसचा दिवा आणल्याचा व ६० टनांच्या बोटीत बाष्पयंत्र बसवल्याचा उल्लेख होता. २७ मे १८४१ रोजी त्यांची निवड झाली. तोवर ते मुंबईत कामावर रुजूही झाले होते. यानंतर दुसरा भारतीय, श्रीनिवास रामानुजन, या सोसायटीत निवडला जाण्यास १९१८ साल उजाडावे लागले.

मुंबईचा कारखाना

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर यांनी मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक या पदाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली एक प्रमुख सहायक, चार युरोपीय मुकादम, सुमारे १०० युरोपीय यंत्रकारागीर व बॉयलरवाले आणि सुमारे २०० देशी कारागीर होते. गोऱ्या माणसांनी हिंदी अधिकाऱ्याचा हुकूम ऐकायचा, ही कल्पनाच त्या काळच्या मुंबईतील इंग्रज समाजाला मानवणारी नव्हती. 'बॉम्बे टाइम्स' या वृत्तपत्राने नेमणुकीवर उघड टीका केली. अर्देशीर यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नव्हती. हिंदी माणूस कितीही शिकलेला असला तरी युरोपीयांवर अधिकार चालवू शकणार नाही, असा त्या टीकेचा रोख होता.

या टीकेला अर्देशीर यांनी लेखणीने उत्तर दिल्याचे दिसत नाही. यंत्रशाळेत मात्र अशा वादाचा निकाल लवकर लागतो. दुरुस्त केलेली आगबोट वेळेवर बंदराबाहेर पडते किंवा पडत नाही. कंपनीच्या आरमारात तेव्हा 'सेमिरॅमिस', 'झेनोबिया', 'ऑकलंड', 'सेसोस्ट्रिस' यांसारख्या आगबोटी होत्या आणि त्या मुंबई-सुएझ टपालापासून लढाईपर्यंत सर्व कामांना जुंपल्या जात. त्यांच्या बॉयलर-यंत्रांची तपासणी, दुरुस्ती व सुटे भाग यांचा भार याच कारखान्यावर असे. सोळा वर्षांहून अधिक काळ अर्देशीर त्या जागी टिकले, आणि हे टिकणे हेच त्या टीकेला पुरेसे उत्तर ठरले. तरीही एक खंत नोंदवली पाहिजे. त्यांच्यानंतर अशी पदे हिंदी अभियंत्यांना सहज मिळू लागली, असे काही घडले नाही.

१८४९ साली ते पुन्हा परदेशी गेले. या वेळी इंग्लंडबरोबर अमेरिकेलाही त्यांनी भेट दिली आणि लाकूड कापण्याची यंत्रे विकत घेतली. हाताने करवत चालवणाऱ्या घराण्यातील माणसाने ती गोदीसाठी आणावीत, यातही त्यांचा स्वभाव दिसतो. शिवणयंत्र, छायाचित्रण व विद्युत्‌विलेपन या गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांची 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे यंत्रभाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. 'ह्यू लिंडसे'च्या वेळी कवच मुंबईचे आणि यंत्र विलायतेचे होते. बावीस वर्षांनी दोन्ही एकाच घरातून निघाले आणि बोटीला नाव मिळाले ते सुरतेहून आलेल्या मूळपुरुषाचे. गॅसच्या दिव्यांची आठवण सगळे काढतात. या बोटीची आठवण फार थोडे काढतात. या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिचे मोल अधिक आहे.

१८५५ साली सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले. १ ऑगस्ट १८५७ रोजी ते सेवानिवृत्त झाले.

कौटुंबिक जीवन

रिवाजाप्रमाणे अर्देशीर यांचा विवाह अल्पवयात पारशी समाजातच झाला होता. त्यांच्या पत्नीचे नाव आवाबाई. पुढे मेरिअन बार्बर या इंग्रज स्त्रीशी त्यांचा संबंध जुळला व तिच्यापासूनही त्यांना मुले झाली. मुंबईच्या पारशी समाजात त्या काळी हे सहजी स्वीकारले जाणारे नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी इंग्लंडमध्ये कायमचे घर केले, याचे एक कारण येथे असावे. जुन्या चरित्रलेखनात हा भाग बहुतेक गाळलेला आढळतो. तो गाळल्यास रिचमंडचे अखेरचे दिवस अनाकलनीय वाटतात.

सिंधूवरील काम आणि अखेर

निवृत्तीनंतर ते इंग्लंडला गेले. परंतु १८६१ साली त्यांनी पुन्हा नोकरी पत्करली. या वेळी सिंध प्रांतात, इंडस फ्लोटिला कंपनीचे अधीक्षक अभियंता म्हणून. कराची ते कोटरी हा लोहमार्ग त्याच वर्षी, १८६१ मध्ये, सुरू झाला होता. कोटरीपासून पुढे मुलतानपर्यंत माल व माणसे नेण्यासाठी सिंधू नदीत आगबोटी चालत. कोटरीच्या कर्मशाळांची व्यवस्था अर्देशीर यांच्याकडे होती.

येथे पाणी गोडे होते, पण दुखणे संपले नव्हते; फक्त बदलले होते. सिंधूचे पाणी गाळाने जड. तेच बॉयलरमध्ये गेले की मिठाऐवजी चिखलाचा थर बसे. पात्र दरसाल कूस बदलणारे, वाळूचे दांडे आज येथे तर उद्या तेथे. म्हणून बोट उथळ हवी आणि प्रवाह तोडण्याइतके यंत्र बलवान, म्हणजेच जड हवे. या दोन मागण्यांचे एकमेकींशी कधीच पटले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या अर्देशीर यांनी सुमारे दोन वर्षे हे काम केले आणि १८६३ साली ते सोडले.

यानंतर ते लंडनजवळच्या रिचमंड येथे राहिले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने १९६९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत ज्या माझगावात त्यांची ओतशाळा व कारंजे होते, तेथे आज माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात नौदलासाठी विनाशिका व पाणबुड्या बांधल्या जातात.